फरसाणाच्या कढईतून इंजिनात: बायोडिझेल प्रकल्पाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज कॉलेज उघडलं. टीवायबीएस्सीच्या चौघांनी प्रकल्पाचा विषय पक्का केला: वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल. मॅडमनी नोंदवही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मामा, रोजचं तुम्ही लिहा. मुलं निकाल लिहितात, बिघडलेलं लिहीत नाहीत." एकवीस वर्षं या प्रयोगशाळेत सहायक आहे, ब्युरेटी धुतल्या, द्रावणं करून दिली. अख्ख्या प्रकल्पाची वही मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे आली. जे होईल ते लिहिणार.

मला यात वेगळा रस आहे. घरी निफाड तालुक्यात द्राक्षबाग, दादा बघतो. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन आहे, लाइट नसेल तेव्हा तेच धावून येतं. आपण केलेलं इंधन त्यात एकदा तरी चालावं, एवढी इच्छा आहे.

संध्याकाळी मुलांना घेऊन फरसाणाच्या दुकानात गेलो. दिवाळीची शेव, चकली, चिवडा तळून उरलेलं तेल मागच्या बाजूला डब्यांत भरून ठेवलेलं, रंग गुळाच्या काकवीसारखा. शेठ म्हणाले, एक माणूस येऊन घेऊन जातो. पुढे कुठे जातं? ते त्यांना ठाऊक नव्हतं. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे पुन्हा पुन्हा तापून तेल बिघडलं की तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचा 'रुको' हा उपक्रम सुरू केला. तरी दुकानाच्या मागच्या दारातून गेलेला डबा कुणाच्या कढईत पोचतो, हे कुणी बघत नाही. ते तेल पुन्हा एखाद्या पोराच्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात जळलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

दोन डबे घेतले.

१४ नोव्हेंबर

आज तेलाला हात लावला नाही. दिवस मिथेनॉलचा होता.

मिथेनॉल आमच्याकडे कुलपात असतं, रजिस्टरवर मॅडमची सही झाल्याशिवाय बाहेर येत नाही. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, जीवही जातो. वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. मुलांना हे वाचून माहीत होतं. माहीत नव्हतं ते वेगळंच. मॅडमनी मागच्या अंगणात भर उन्हात वॉच ग्लासमध्ये चार-पाच थेंब टाकून पेटवले आणि विचारलं, "पेटलंय का?" चौघंही म्हणाले, नाही. मग मॅडमनी वर कागद धरला आणि तो भुरकन पेटला. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही. एकही शब्द न बोलता मुलं दोन पावलं मागे सरकली.

ठरलं ते असं: उघडा जाळ कुठेही नाही, तापवायचं ते गरम पाण्यात ठेवून. गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर हवा फेकणारा. मिथेनॉल कॉलेजच्या फाटकाबाहेर जाणार नाही. शेतावर जाईल ते फक्त धुऊन सुकवलेलं इंधन.

१६ नोव्हेंबर

पहिली खेप, मुद्दाम नव्या पामोलीन तेलाची. शिकायचं तर आधी चांगल्या तेलावर.

तेल १ लिटर, मिथेनॉल २०० मिली, पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ७ ग्रॅम. पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळताना बाटली हाताला कोमट लागते, म्हणून थोडं थोडं टाकायचं. तेल ५५ अंशांवर आणून त्यात हे मिश्रण सोडलं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, तेव्हा साठीच्या खालीच राहायचं. वर कंडेन्सर, म्हणजे उडालेली वाफ परत खाली. एक तास ढवळलं.

एका मुलाने विचारलं, की १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, मग आपण तेल तसंच का नाही घालत? प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मी त्याला ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर काढून दिला. द्रव त्याच्या बारीक नळीतून उतरायला किती वेळ घेतो, त्यावरून दाटपणा कळतो. तेल भरून तो बसला, बसला, आणि कंटाळून माझ्याकडे बघू लागला. तेल डिझेलच्या दहापट तरी दाट असतं. नोझलमधून त्याचा फवारा बारीक होत नाही, नीट जळत नाही, काजळी धरते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांडीला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल एकेक साखळी सोडवून स्वतःशी जोडून घेतं आणि ग्लिसरीन मोकळं पडतं. सुटलेल्या साखळ्या म्हणजे मिथाइल एस्टर, तेच बायोडिझेल. पोटॅश हे घडवून आणतं. १९३७ साली बेल्जियमच्या शावान यांनी पामतेलापासून असेच एस्टर करण्याचं पेटंट घेतलं होतं, फक्त त्यांनी साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल वापरलं होतं.

हिशोबाने एका लिटरला १३० मिलीच्या आसपास मिथेनॉल पुरावं. पण ही क्रिया दोन्ही दिशांनी जाते. जास्तीचं मिथेनॉल तिला पुढे रेटतं, म्हणून २००.

ढवळणं थांबवलं आणि पाच-सात मिनिटांत तळाशी मधाच्या रंगाचा थर उतरायला लागला. इतकी वर्षं फळ्यावर बाण काढलेला पाहिला होता, आज तो बाण काचेत खाली येताना पाहिला. चौघं आणि मी, सगळेच गप्प उभे होतो.

१७ नोव्हेंबर

रविवार असूनही मुलं आली. सेपरेटिंग फनेलमध्ये तळाला १५० मिली ग्लिसरीन, वर फिकट पिवळा द्रव. घनतेच्या बाटलीत मोजलं: तेल ०.९१, हे ०.८७. व्हिस्कोमीटरमधून भराभर उतरलं.

१९ नोव्हेंबर

आता खरं काम. नवं तेल सगळं एकसारखं असतं, वापरलेलं प्रत्येक डब्यात वेगळं. तळताना तेल फुटतं, काही साखळ्या सुटून मोकळी आम्लं होतात आणि ती आम्लं पोटॅश खातात. किती खातात ते टायट्रेशनने कळतं. एवढं एक काम मला डोळे मिटून येतं, त्यामुळे आज मुलांना मीच शिकवलं.

१ ग्रॅम पोटॅश १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात. फ्लास्कमध्ये १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात १ मिली तेल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, जे पोटॅश शिल्लक राहिलं की गुलाबी होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब, हलका गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकेपर्यंत. जितके मिली लागतील, तितके ग्रॅम पोटॅश दर लिटर तेलामागे सातच्या वर घालायचे. आधी नुसत्या अल्कोहोलचं टायट्रेशन करून तेवढं वजा करायचं. आमचं ते ०.२ आलं.

तेल तिघांचं होतं. फरसाणाचं दुकान: १.९. एका मुलीच्या घरची वडापावची गाडी आहे, तिने घरून बाटली आणली होती: ४.६. एका मेसच्या डब्याच्या तळाचं: ८.३.

८.३ बाजूला ठेवलं. त्याला आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल घालून मोकळी आम्लं एस्टर करून घ्यावी लागतात, मग पोटॅशची पाळी. ते या वर्षी नाही.

वडापाववालीचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "अगं, फरसाणवाला शेव तळतो, तुझे बाबा ओलं बेसन आणि बटाटा तळतात. पाणी पडतं, तेल लवकर फुटतं. यात कुणाची चूक नाही." ती म्हणाली, "मग पुढची खेप आमच्याच तेलाची करू, मामा." मी हो म्हटलं. घाई झाली, हे पुढे कळलं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. कॉलेजात केंद्र, प्रयोगशाळा बंद.

२२ नोव्हेंबर

बिघडलं.

गाडीचं तेल १ लिटर, पोटॅश ७ अधिक ४.६ म्हणजे ११.६ ग्रॅम, मिथेनॉल २०० मिली, तापमान ५५. सगळं मापात. वीस मिनिटांनी ढवळणी जड झाली, तासाभराने फ्लास्कमध्ये खरवसासारखी थरथरणारी वडी. थर पडलाच नाही. गरम केलं, पुन्हा थांबलो, तरी नाही. हाताला निसरडं, साबणाचा वास. एक लिटर तेल, दोनशे मिली मिथेनॉल गेलं.

मुलगी काही बोलली नाही. भांडी तिनेच घासली.

२३ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी त्याच तेलाचे चार थेंब तापल्या तव्यावर टाकले. फोडणीत ओली मोहरी पडल्यासारखं तडतडलं. तेलात पाणी होतं. पाणी आणि पोटॅश एकत्र आले की एस्टर तुटून साबण होतो, आणि मोकळी आम्लं मारताना पोटॅश आणखी पाणी सोडतं. आम्ल जास्त, त्यात पाणी, असं दुहेरी झालं. टायट्रेशन आम्ल सांगतं, पाणी सांगत नाही. तव्याची परीक्षा पाच मिनिटांची होती आणि ती मी घेतली नाही, म्हणून चूक माझ्या नावावर लिहितो.

आजपासून वहीच्या पहिल्या पानावर: आधी तवा, मग ब्युरेट, मग मिथेनॉलचं कुलूप.

उरलेलं तेल ११० अंशांपर्यंत हळू तापवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे वेगळ्या शेडमध्ये, कारण जिथे मिथेनॉल आहे तिथे ही शेगडी नको. मग झाकून दोन दिवस निवत ठेवलं. 

२५ नोव्हेंबर

बेसनाचा गाळ तळाला बसला, वरचं तेल कापडातून गाळून घेतलं. तवा पुन्हा: आवाज नाही.

२९ नोव्हेंबर

तेच तेल, तेच माप. थर पडला. ग्लिसरीन काळपट तपकिरी, चहाच्या अर्कासारखं, पण रेघ सुरीने कापल्यासारखी. मुलीने फोटो काढून बाबांना पाठवला.

मग धुणं. वरच्या थरात थोडा साबण, थोडं मिथेनॉल आणि पोटॅश राहतं, ते पाण्याने काढायचं. एका मुलाने फनेल जोरात हलवला आणि आत ताक घुसळल्यासारखं पांढरं झालं, दुपारपर्यंत फुटेना. कोमट करून चमचाभर मीठ घातल्यावर वेगळं झालं. हलवण्याच्या जोराइतकाच आतल्या साबणाचाही यात दोष असतो. चांगलं इंधन नुसत्या पाण्यासोबत खळबळवलं तरी अर्ध्या तासात आपसूक वेगळं होतं.

उपाय घरून सुचला. बागेत फवारणीच्या हातपंपाचा धुक्यासारखं पाणी सोडणारा नोझल असतो. नवा नोझल आणून टाकीच्या वर बांधला. बारीक तुषार इंधनातून अलगद खाली उतरतात आणि साबण सोबत नेतात. पहिलं पाणी दुधाळ, चौथं नितळ. फिनॉल्फ्थॅलिनला रंग नाही.

४ डिसेंबर

क्रिया पूर्ण झाली का, हे पाहायची सोपी चाचणी: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली इंधन. सगळं एस्टर झालं असेल तर विरघळून नितळ राहतं, अर्धवट राहिलेलं तेल असेल तर थेंब तळाला बसतात. फरसाणाच्या तेलाची खेप सकाळी साडेसातला तपासली, गढूळ. पुन्हा क्रिया करायला घेणार इतक्यात मॅडम आल्या. त्यांनी मिथेनॉलची बाटली हातात घेतली, ती थंडगार होती. कोमट पाण्यात वीस अंशांच्या वर आणून परत केलं: नितळ. थंडीत चांगलं इंधनही नापास होतं. निकालाआधी तापमान लिहायचं.

८ डिसेंबर

पहिली मोठी खेप. फरसाणाच्या दुकानाचं तेल १८ लिटर, टायट्रेशन पुन्हा केलं, १.९ च. पोटॅश १६० ग्रॅम, मिथेनॉल ३.६ लिटर. स्टीलची झाकणाची टाकी, बाहेर गरम पाण्याचं पिंप, ढवळायला बाहेरून पट्ट्याने फिरणारा दांडा, म्हणजे मोटरची ठिणगी वाफेजवळ नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, पोटॅश ते खातं. मिथेनॉल-पोटॅशचं मिश्रण जाड प्लास्टिकच्या बंद कॅनमधून नळीने सोडलं.

खाली तीन लिटरच्या वर ग्लिसरीन. चार वेळा धुतलं, उन्हात रुंद भांड्यात जाळी झाकून सुकवलं. धुतलेलं इंधन ढगाळ दिसतं, सुकलं की त्यातून पलीकडचा छापील मजकूर वाचता येतो. साडेसोळा लिटर हाती आलं.

१६ डिसेंबर

दोन कॅन शेतावर नेले होते. पहाटे दादाचा फोन: "अरे, तुझं डिझेल थिजलंय."

जाऊन पाहिलं. शेडमधल्या थर्मामीटरवर ७.५ अंश. बागेत रात्री शेकोट्या पेटवलेल्या, धूर अजून वेलींखाली तरंगत होता. कॅनमध्ये पिवळं तूप. हिवाळ्यात घरचं तूप थिजतं तसंच, रवाळ.

यात चूक खेपेची नव्हती, तेलाची जातच ती. पामतेलात पामिटिक आम्लाच्या साखळ्या शेकडा चाळीसच्या आसपास असतात. सरळसोट साखळ्या, थंडीत एकमेकींना चिकटून रचून बसतात. मिथाइल पामिटेट एकटं असेल तर तिशीच्या आसपासच घट्ट होतं. ओलिइक आम्लाची साखळी मध्ये वाकलेली, म्हणून मिथाइल ओलिएट शून्याखाली वीस अंशांपर्यंत पातळ राहतं. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल असतं तर हे झालं नसतं. पण आमच्याकडची फरसाणाची कढई पामतेलाची, ते स्वस्त आणि टिकतं. मुंबईत किंवा कोकणात हेच इंधन डिसेंबरात बिनतक्रार ओतलं गेलं असतं. निफाडच्या पहाटेला वेगळा विचार लागतो.

दादा म्हणाला, "ऊन आलं की वितळेल की." वितळलं, दहा वाजता. पण पाण्याची पाळी पहाटे चारला असते.

२२ डिसेंबर

मिश्रण करून पाहिलं. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या पाण्यात परीक्षानळ्या ठेवल्या: नुसतं बायोडिझेल १३ अंशांना ढगाळ झालं, निम्मं डिझेल घातलेलं त्याच्या बरंच खाली, आणि २० टक्के बायोडिझेल असलेलं ५ अंशांपर्यंत नितळ. थंडी संपेपर्यंत २० टक्के, असं ठरवलं.

दुपारी इंजिन. मॅडम, चौघं विद्यार्थी, वाकबगार मिस्त्री, दादा, वहिनी, शेजारची चार माणसं. आधी नुसत्या डिझेलवर, मोजून १ लिटर: ५८ मिनिटं. मग २० टक्के मिश्रण: ५७ मिनिटं. ऊन चांगलं होतं म्हणून शेवटी नुसतं बायोडिझेल: ५३ मिनिटं. एका किलोत उष्णता डिझेलपेक्षा साधारण दहा-बारा टक्क्यांनी कमी, घनता थोडी जास्त, त्यामुळे लिटरमागे फरक इतकाच राहतो. रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून ज्वलन स्वच्छ. सुरुवातीचा काळा धूर दिसेनासा झाला.

आणि वास. विहिरीभोवती गरम भज्यांचा वास पसरला. वहिनी धुराच्या नळकांड्याकडे बघत म्हणाली, "हे तर दिवाळीचं तेल आहे." पाइपातून पाणी पडत होतं. ती मुलगी पाटाच्या कडेला बसून पाण्यात हात घालून बघत होती.

५ जानेवारी २०२५

इंजिन पहाटे बंद पडलं. मिश्रणावर सात-आठ तास चाललं होतं. दादा चिडला, चिडणारच, अर्धी बाग तहानलेली राहिली. मिस्त्रीने फिल्टर उघडला, काळ्या चिखलाने भरलेला. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाला डिझेलचा जो राळेसारखा थर बसला होता, तो बायोडिझेलने धुऊन काढला आणि फिल्टरात आणून टाकला. एस्टर उत्तम विद्रावक आहे, हे मला पाठ होतं. टाकी आधी साफ करायला हवी होती.

टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा. परतीची रबरी नळीही बोटाला मऊ लागली, ती बदलून बायोडिझेलला टिकणारी घातली. जुन्या इंजिनात हे इंधन घालणाऱ्याने जोडीला दोन फिल्टर आधीच घेऊन ठेवावेत. दादाला आता एक फिल्टर खिशात आणि एक शेडमध्ये ठेवायची सवय लागली आहे.

१८ जानेवारी

ग्लिसरीनचं काय करायचं? बाजारात मिळतं तसलं ते स्वच्छ नाही. आत मिथेनॉल, साबण, पोटॅश. म्हणून आधी मिथेनॉल काढलं, साध्या ऊर्ध्वपातनाने, गरम पाण्यात फ्लास्क ठेवून: तीन लिटरमधून ५५० मिली. रजिस्टरात परत जमा.

मग फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने. तीन थर झाले: वर साबणातून सुटलेली मेदाम्लं, मध्ये ग्लिसरीन, तळाला पांढरे क्षार, पोटॅशियम फॉस्फेट. दादाला फोटो दाखवला, त्याने विचारलं, "म्हणजे झिरो-बावन्न-चौतीस?" ते खत म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेटच, निफाडात पोरासोरांना पाठ. पोटॅश कॉस्टिक सोड्यापेक्षा महाग असूनही आम्ही तेच वापरतो, त्यामागे हेही कारण आहे. पण मॅडमनी ठाम नाही म्हटलं: हे शुद्ध नाही, तेलाचा अंश आहे, निर्यातीच्या द्राक्षावर याचा थेंब नको. बरोबर आहे. धुऊन वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यावर थोडं टाकलं, परिणाम बघू.

१ फेब्रुवारी

खर्चाचा प्रश्न सगळे विचारतात. आमचं तेल फुकट, मजुरी मुलांची, तरीही मिथेनॉल आणि पोटॅश प्रयोगशाळेच्या दर्जाचं घेतल्यामुळे लिटरमागे खर्च डिझेलच्या जवळ गेला. औद्योगिक दर्जाचं मिथेनॉल घेतलं आणि ते परत मिळवलं तर चांगलाच फरक पडेल. तेल विकत घ्यावं लागलं तर फायदा उरत नाही. हे मुलांना अहवालात लिहायला लावलं आहे, आकड्यासह. फायद्याचंच लिहायचा मोह त्यांना झाला होता.

कालव्याकडेच्या करंजांबद्दल दोघांनी विचारलं. करंजाचं तेल खायचं नाही, कडू, मोकळी आम्लं भरपूर, त्याला आम्लाची पहिली पायरी लागणारच. पण झाड आपलं आणि बी गोळा करणारे हात गावातले. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पावरगुडा गावच्या आदिवासी बायकांनी करंजाच्या तेलातून वाचणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडचा मोबदला २००३ साली जागतिक बँकेकडून घेतला होता, ६४५ डॉलर. आमच्या विदर्भाच्या सीमेला लागून असलेला जिल्हा. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी मी वहीच्या मागच्या पानावर एकच शब्द लिहून ठेवला: करंज.

८ फेब्रुवारी

बागेत काढणी सुरू. पहाटेचा पारा १४ च्या वर, म्हणून मिश्रण २० वरून ५० टक्क्यांवर नेलं. इंजिन सुरू होताना कुरकुर नाही.

मुलगी गाडीवरचं नवं तेल घेऊन आली, पाच लिटर, घरीच तापवून, निवळून, गाळून. तव्यावर टाकलं, आवाज नाही. ब्युरेट तिनेच भरली. मी बाजूला उभा राहिलो. ३.१ ला गुलाबी झालं आणि टिकलं. नोव्हेंबरात हेच ४.६ होतं.

"कमी कसं झालं?" मी विचारलं.

"बाबा आता एक दिवस आधीच तेल बदलतात, मामा. म्हणतात, टाकून द्यायचं नसलं की बदलायला हात होतो."

पोटॅश १०.१ ग्रॅम लिटरला, पाच लिटरला ५०.५. मिथेनॉलची चावी मॅडमकडे, सोमवारी सकाळी खेप.